जस्ताची तबकडी : प्रकल्प नोंदी, वागळे इस्टेट, ठाणे

१२ जून २०२४

आजपासून या कामाची वेगळी वही.

गेली अठरा वर्षं मी छापचित्रं करते. जस्ताची प्लेट, तिच्यावर सुई नाहीतर ब्युरिन (धातू खणायचं टोकदार हत्यार), मग शाई, ओला कागद, प्रेस. धातूवर ओरखडा काढायचा आणि त्या ओरखड्यात जे साठेल ते कागदावर उतरवायचं. मागच्या महिन्यात नौपाड्याला आत्याच्या माळ्यावरून तिचा जुना रेकॉर्ड प्लेअर खाली काढला. आतलं रबरी चाक बदलून घेतलं, नवं स्टिरिओ कार्ट्रिज, म्हणजे सुईच्या हलण्यातून आवाज उचलणारा भाग, बसवून घेतलं आणि तिची एक तबकडी लावली. सुई खाचेत उतरली तेव्हा माझं गाण्याकडे लक्षच नव्हतं, मी वाकून सुईकडे बघत होते. ओरखड्यात साठलेलं बाहेर काढणारी हीसुद्धा सुईच. मग मी खणलेली प्लेट हिच्याखाली ठेवली तर?

ही कल्पना शंभर वर्षं जुनी आहे. हंगेरीचा चित्रकार लास्लो मोहोली-नॉज यानं १९२२ मध्येच ‘द स्टाइल’ या नियतकालिकात लिहिलं होतं की ग्रामोफोन फक्त झालेलं गाणं परत वाजवायला वापरू नका. तबकडीवर हातानं खाचा कोरा, म्हणजे आधी कधी नव्हताच असा आवाज तयार होईल. त्या काळी चित्रकारांना हे फक्त सुचलं. माझ्याकडे प्लेट आहे, ब्युरिन आहे आणि वागळे इस्टेटमध्ये आमच्या गाळ्यापासून चार गाळे सोडून लेथ आहे.

ठरवलेलं एवढंच: एक अल्बम, २५ प्रती, आवाज आणि छाप एकाच प्लेटचे.

१९ जून

आठवडाभर संध्याकाळी चित्रकारांचे अल्बम ऐकतेय. खणायला बसायच्या आधी दुसऱ्यांनी काय केलं ते नीट ऐकून घ्यायचं होतं.

सगळ्यात जास्त वेळ फ्रेंच चित्रकार झ्याँ द्यूब्युफेवर गेला. १९६० च्या अखेरीस तो आणि डॅनिश चित्रकार आस्गर योर्न एकत्र बसून वाद्यं वाजवायला लागले. द्यूब्युफे लहानपणी पियानो शिकलेला माणूस, पण इथे त्यानं जी वाद्यं हाताळली त्यातली बरीचशी त्याला वाजवता येत नव्हती, आणि त्याला तेच हवं होतं. समोर टेप रेकॉर्डर ठेवून एकट्यानं एकावर एक थर चढवत गेला. १९६१ मध्ये व्हेनिसच्या काव्हालीनो गॅलरीनं त्या तबकड्या काढल्या, अगदी मोजक्या प्रतींत. पहिल्यांदा ऐकताना कान आक्रसतात. तिसऱ्यांदा ऐकताना मला त्याचे जाड, वाळू-डांबर मिसळलेले कॅनव्हास दिसायला लागले. तोच हात, तोच खरबरीतपणा. चित्रात तो रंग जसा थापतो, तसाच इथे आवाज थापलाय.

फ्रेंच चित्रकार इव्ह क्लाइनचं एकसुरी सिम्फनी-काम याच्या अगदी दुसऱ्या टोकाला: वीस मिनिटं एकच स्वरसमूह, मग वीस मिनिटं शांतता. ९ मार्च १९६० ला पॅरिसमध्ये ते लोकांसमोर वाजलं. सबंध कॅनव्हास एका निळ्यानं भरणारा माणूस आणखी काय करणार! चेक कलाकार मिलान क्निझाकनं साठच्या दशकात तबकड्या जाळल्या, फोडल्या, वेगवेगळ्या तबकड्यांचे तुकडे एकत्र चिकटवून वाजवल्या. ख्रिश्चन मार्क्लेनं १९८५ मध्ये एक तबकडी मुद्दाम वेष्टनाशिवाय विकायला ठेवली. दुकानातली धूळ, हाताळण्याचे ओरखडे, सगळं त्या रचनेत जमा होत जातं. म्हणजे प्रत्येकाच्या घरची प्रत वेगळी वाजते. हे मी रात्री दोनदा वहीत लिहून ठेवलंय, कारण छापचित्रकाराला प्रत या शब्दाशी रोजचा व्यवहार असतो.

माझं मत आता पक्कं झालंय. चित्रकारानं चार वादक बोलावून प्रदर्शनाच्या दालनात मंद वाजवायला काहीतरी करून घ्यायचं, अशा अल्बममध्ये मला रस नाही. ज्या पदार्थाशी त्याचा हात रोज झटतो, तो पदार्थ वाजला पाहिजे. माझा पदार्थ जस्त आहे.

३० जून

लेथवरच्या काकांना चित्र काढून दाखवलं. बारा इंचाची गोल प्लेट, मधोमध भोक, आणि प्लेटवर तीन गोल खाचा, केसाएवढ्या.

“ताई, हे मशीनचं काय पार्ट आहे?”

म्हटलं, काका, रेकॉर्ड आहे. त्यांनी प्लेट उलटीसुलटी करून पाहिली आणि फक्त भोकाचं माप विचारलं. आत्याच्या प्लेअरची खुंटी व्हर्नियरनं मोजून नेली होती, सव्वासात मिलिमीटरच्या आसपास. भोक जरा सैल झालं तर तबकडी एका बाजूला सरकते आणि सूर प्रत्येक फेऱ्याला वरखाली होतो, म्हणून काकांनी आधी सातचं ड्रिल मारलं आणि मग रीमरनं हळूहळू वाढवलं. दरवेळी खुंटीच्या मापाचा तुकडा घालून बघत होते. कडेला त्यांनी पंचेचाळीस अंशांचा उतार दिला. तो मला प्रेससाठी लागतो, नाहीतर प्लेटची धार वरचं फेल्ट कापते.

खाचांसाठी त्यांनी टोकदार टूल नव्वद अंशांत घासून घेतलं. खोली फक्त दशांश एक मिलिमीटर. कार्ट्रिजची कळ फिरवली की त्याच्या दुसऱ्या बाजूला मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांची जाड सुई येते, तिला ही खाच पुरते.

खाच बंद वर्तुळाची आहे, नेहमीच्या तबकडीसारखी चकलीच्या वळणाची नाही. म्हणजे सुई आत सरकणार नाही, त्याच खाचेत फिरत राहणार. मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेऱ्यांच्या वेगाला एक फेरा १.८ सेकंदांचा.

८ जुलै

पहिली प्लेट हातानं भागली. बाहेरच्या खाचेची त्रिज्या १४ सेंटिमीटर, म्हणजे घेर जवळजवळ ८८. कर्काटक अडीच मिलिमीटरवर लावलं, खाचेवरून चालवत नेलं आणि प्रत्येक खुणेवर ब्युरिननं खाचेला आडवा छेद दिला. दोन दिवस लागले. ब्युरिन ढकलताना जस्त तोंडाशी बारीक कुरळी सोडतं. ती उचलली नाही तर छेदाच्या काठावर बर, म्हणजे धातूची खरबरीत कड, उभी राहते, आणि कागदावर हीच बर मखमली काळी दिसते. सुईला मात्र ती घातक, म्हणून स्क्रेपरनं एकेक काढली. शेवटी मोजले तर ३५२ छेद, आणि शेवटचं अंतर अडीचऐवजी दोनच्या थोडं वर उरलं.

लावली. सुई खाली. वाजली!

हे लिहिताना अजून हात थरथरतोय. फार मोठा आवाज नाही. भुंग्यासारखा, किनार असलेला, आणि प्रत्येक १.८ सेकंदाला एकदा पाय अडखळावा तसा अडखळणारा. शेवटचं अंतर आखूड आहे ना, ते कान पकडतो. डोळ्यांना प्लेटवर ती जागा शोधूनही सापडत नाही.

हिशेब केला: ३५२ भागिले १.८, म्हणजे सेकंदाला १९५ आणि थोडे छेद.

१० जुलै

आत्याला गाळ्यावर आणलं. ती चाळीस वर्षं गाते आणि तिच्या घरात तानपुरा भिंतीला टेकून नसतो, खोलीच्या मधोमध असतो. डोळे मिटून ऐकलं तिनं.

“अगं, हे एकटं नाहीये. दोन आहेत. जवळ आलेत पण जुळले नाहीत. हे बघ, लहर ऐक.”

आणि खरंच, आवाज सेकंदाला चार-साडेचार वेळा फुगत होता आणि ओसरत होता. तानपुऱ्याच्या दोन तारा जुळायच्या आधी अशीच लहर येते. पण माझ्या प्लेटवर तर तेव्हा एकच खाच वाजत होती.

“दुसरा कुठून येतोय गं आत्या?”

तिनं खिडकीकडे बोट दाखवलं.

खिडकीबाहेर गल्लीच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मर आहे. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची अगदी सुरुवातीची वसाहत, साठच्या दशकातली. तिथे ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणीकडे कोण लक्ष देणार? मी तर इतकी वर्षं तो आवाज ऐकणंच सोडून दिलं होतं.

१४ जुलै, रविवार

आज सगळं उलगडलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. ट्रान्सफॉर्मरच्या आतलं लोखंड प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणलं जातं, म्हणून तो १०० वर गुणगुणतो, आणि त्याच्या वर २००, ३०० असे पोटस्वर. माझी प्लेट १९५.५ वर, ट्रान्सफॉर्मरचा वरचा सूर २०० वर. दोघांतला फरक साडेचार. आत्यानं मोजलेली लहर हीच.

तेवढ्यात प्लेअरच्या खोक्यात तळाशी पुठ्ठ्याची एक गोल चकती सापडली, कडेला काळ्या-पांढऱ्या रेघा. जुने लोक वेग तपासायला ही तबकडीवर ठेवायचे. आमच्या गाळ्यात चोकवाली जुनी ट्यूबलाइट आहे. ती सेकंदाला शंभर वेळा उजळते-विझते, आपल्याला फक्त कळत नाही. चकतीवर ३३ च्या ओळीत मी रेघा मोजल्या. १८०. वेग बरोबर असेल तर दर सेकंदाला बरोबर शंभर रेघा डोळ्यासमोरून जातात, म्हणून फिरत असतानाही रेघा थिजल्यासारख्या दिसतात. (एलईडीच्या पट्टीखाली हे दिसलं नाही, करून पाहिलं.)

म्हणजे खाचेवर १८० छेद दिले तर आवाज येईल १०० चा. तोच ट्रान्सफॉर्मरचा सा. ३६० दिले तर २००, त्याच्या वरचा सा. आणि मधे २७० दिले तर १५०.

दोनास तीनास चार. सा, प, तार सा.

आणखी एक गोष्ट कागदावर मांडल्यावर दिसली आणि मी खुर्चीतून उठलेच. दोन छेदांमधलं अंतर तेच ठेवलं, तर सा ची त्रिज्या ७ सेंटिमीटर येते, पंचमाची १०.५ आणि तार सा ची १४. प्लेटवर अर्ध्या अंतरावर सप्तक. तानपुऱ्याची तारही अर्ध्यावर दाबली की सप्तकच येतं, पण तिथे अर्धी झालेली तार वरचा सा देते आणि इथे अर्धी झालेली त्रिज्या खालचा. चित्रात आणि स्वरात एकच माप आहे, फक्त उलटं.

२३ जुलै

पाऊस थांबत नाही. कागदाला बुरशीचे ठिपके आले, दहा तावं वाया. सुरीनं कापायलाही हात होत नाही.

मधल्या वेळात एक प्लेट नायट्रिक ॲसिडमध्ये खाऊन पाहिली. ग्राउंड (ॲसिड लागू न देणारा थर) लावलं, खाच उघडी केली, पिसानं बुडबुडे बाजूला करत वीस मिनिटं ठेवली. ॲसिड जस्ताला सारखं खात नाही, खाचेचा तळ खडबडीत करतं. वाजवली तर सूर नाहीच, नुसता श्वास. गाळ्याच्या पत्र्यावरच्या पावसापासून तो वेगळा काढता येईना. ही प्लेट जपून ठेवली आहे.

२ ऑगस्ट

काकांना तीन आकडे सांगितले: १८०, २७०, ३६०. हातानं भागायचं तर पुन्हा अडखळणार, म्हणून मिलिंग मशीनवरच्या डिव्हायडिंग हेडची, म्हणजे वर्तुळाचे सारखे भाग पाडणाऱ्या साधनाची, चौकशी केली. काकांनी दोन मिनिटं हवेत बोटं हलवली.

“सत्तावीसच्या भोकांची प्लेट लावतो. तीनशे साठला तीन भोकं, दोनशे सत्तरला चार, एकशे ऐंशीला सहा. झालं.”

डिव्हायडिंग हेडचं हँडल चाळीस वेळा फिरवलं की काम एक पूर्ण फेरा घेतं, म्हणून ४० ला भागत जायचं. माझा सगळा तानपुरा त्यांच्या सत्तावीसच्या एका ओळीत मावला. मी त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, “गियर पण असाच गातो ताई, दात खराब झाला की कळतं.” चाळीस वर्षं गियर कापणाऱ्या माणसाच्या कानाला हे सगळं आधीपासून माहीत होतं.

पहिल्या प्रयत्नात छेदही मशीननंच दिले. ऐकलं आणि दोघांनीही मान हलवली. भोंगा. शाळेची घंटा विजेवर गेली तसा. सूर अचूक, पण मेलेला. कान्यार द ला तूर नावाच्या फ्रेंच माणसानं १८१९ मध्ये भोकांच्या चकतीतून हवा सोडून सायरन केला, तेव्हा त्याला हाच आवाज आला असणार.

मग ठरलं: मशीननं फक्त जागा दाखवायची, टोकदार स्क्राइबरनं पुसट खूण. छेद मी देणार. प्रत्येक छेदाची खोली थोडी वेगळी पडेल, जागा मात्र बरोबर.

६ ऑगस्ट

८१० छेद. उजव्या तळव्यात ब्युरिनच्या मुठीचा फोड. पण आवाज! सा मध्ये एक हलकी थरथर आहे, प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी तीच. ज्या छेदांच्या वेळी गल्लीत टेम्पो मागे घेत होता आणि हात बिचकला, ते छेद मला ऐकू येतात.

९ ऑगस्ट

मोठा गोंधळ झाला. काल रात्री तिन्ही खाचांचं ध्वनिमुद्रण केलं, हेडफोनवर सुंदर वाजत होतं. आज एका मैत्रिणीला पाठवलं. तिचा निरोप: काहीच वाजत नाहीये, फक्त खरखर. माझ्या फोनवर लावलं, तर खरंच नाही. संगणकाच्या स्पीकरवर आहे, फोनवर नाही. दुपारपर्यंत केबल बदलत बसले.

कारण शेवटी खाचेतच सापडलं. स्टिरिओ कार्ट्रिजमध्ये सुई डावी-उजवीकडे हलली की दोन्ही वाहिन्यांना सारखाच आवाज मिळतो. वर-खाली हलली की दोन्ही वाहिन्यांना एकमेकांच्या बरोबर उलटा मिळतो. माझे छेद खाचेच्या आडवे, दोन्ही भिंतींत सारखे. म्हणजे सुई फक्त उसळते, वरखाली. एकच स्पीकर असलेल्या फोननं दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या आणि उलट आणि सुलट एकमेकांना खाऊन टाकलं. उरली ती फक्त धूळ.

एक वाहिनी उलटवली, सगळं परत आलं.

पण मला ते नाहीसं होणं सोडवत नाही. प्लेट आहे, ८१० छेद आहेत, आणि सुई कशी ऐकते यावर ते असणं किंवा नसणं. अल्बममध्ये एक तुकडा मुद्दाम न उलटवता ठेवणार आहे. फोनवर ऐकणाऱ्याला जस्तावरची धूळ ऐकू येईल, हेडफोनवाल्याला तानपुरा.

१६ ऑगस्ट

वेगाचं एक रहस्य उलगडलं. चकतीवरच्या रेघा दिवसभर हळूहळू मागे सरकतात, म्हणजे प्लेअर किंचित मंद चालतो आणि माझा सा ट्रान्सफॉर्मरपेक्षा केसभर उतरलेला. सात वाजता आजूबाजूचे गाळे बंद होतात, मशीन थांबतात, विजेचा दाब थोडा चढतो आणि प्लेअरची मोटर सावरते. साडेसात-पावणेआठला रेघा थबकतात. प्लेटचा सा आणि खिडकीबाहेरचा सा एक होतात आणि लहर एवढी लांबते की पुढची कधी येणार कळत नाही. मुद्रण आता फक्त याच वेळी.

आत्याला फोनवर ऐकवलं. म्हणाली, “आता लागला.”

२७ ऑगस्ट

दहीहंडी. अख्खं ठाणं स्पीकरवर. गाळा बंद.

४ सप्टेंबर

वाचताना १९६९ ची एक गोष्ट पुन्हा समोर आली. अहमदाबादला एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा करून दिला होता. गीता साराभाईंसह काही भारतीयांनी तिथे इलेक्ट्रॉनिक रचना केल्या. टेप संग्रहात पडून राहिल्या, आणि थेट २०२३ मध्ये तबकडीवर बाहेर आल्या. हे सगळं घडलं ते संगीताच्या शाळेत नाही, जिथे खुर्च्या, अक्षरं आणि कापडं आखली जात होती अशा संस्थेत. मला हे फार जवळचं वाटतं. ज्या टेबलावर पट्टी आणि कर्काटक असतं, तिथूनही आवाज निघू शकतो, हे आपल्याकडे कुणीतरी पंचावन्न वर्षांपूर्वी करून ठेवलंय.

गणपतीत काम होणार नाही. कागद मागवून ठेवला.

१९ सप्टेंबर

विसर्जन झालं. आज छापायच्या आधीचं शेवटचं मुद्रण: सा, प, सा, प्रत्येकी तीन मिनिटं. चौथा थर ट्रान्सफॉर्मरचा, खिडकीत माइक ठेवून. प्रत्येक प्रतीत छापासोबत एक कॅसेट; ही तिची पहिली बाजू, पंचवीसही प्रतींत एकच.

दुसऱ्या बाजूचा निर्णय मात्र आज झाला आणि तोच या कामाचा कणा आहे. छापचित्राखाली आपण ४/२५, १७/२५ असं लिहितो. खरं सांगायचं तर तो आकडा छापण्याचा क्रम असतोच असं नाही; छाप वाळतात, एकमेकांत मिसळतात, मग सही करताना पुढेमागे होतात. इथे तसं चालणार नाही. प्रत्येक छाप काढल्यावर प्लेट धुवायची, वाजवायची, मुद्रण करायचं, आणि ते मुद्रण त्याच प्रतीच्या कॅसेटवर. चौथ्या प्रतीत चार वेळा छापलेली प्लेट वाजेल, सतराव्या प्रतीत सतरा वेळा.

जस्त मऊ धातू. प्रेसपेक्षाही जाळीच्या कापडानं शाई पुसताना ते जास्त झिजतं. तांबं असतं तर हे काम मी केलंच नसतं.

२१ सप्टेंबर

छाप १ ते ३. काळी शाई, कार्डाच्या तुकड्यानं खाचांत दाबून भरली, जाळीच्या कापडानं गोल गोल पुसली, शेवटी तळहातानं. मधलं भोक कागदावर पांढरा उठाव होऊन आलं. तीन वर्तुळं, त्यांच्यावर बारीक आडवे दात. लांबून सूर्य, जवळून गियर.

धुणं जड जातं. घासलेट, मऊ टूथब्रश, खाचेच्या दिशेनं. छेदांच्या कोपऱ्यांत शाई राहतेच. पहिल्या छापानंतर पंचम किंचित मंद झाला होता, रुईचा बोळा कानात घातल्यासारखा.

२८ सप्टेंबर

आठव्या छापाला प्लेट वाकली. प्रेसच्या रूळाखालून जाताना जस्त थोडं ताणलं जातं, आणि गोल प्लेट मधून फुगून बशीसारखी होते. सुई फेऱ्यातून एकदा वर चढते, खाली येते, एकदा तर खाचेबाहेर उडाली. काका म्हणाले, दोन फळ्यांत घालून लाकडी हातोडीनं सपाट करून देतो. रात्रभर विचार केला आणि त्यांना नाही म्हटलं. टोनआर्मवर, म्हणजे सुईच्या दांडीवर, एक रुपयाचं नाणं चिकटवलं, सुई बसली. आठव्या प्रतीपासून आवाज फेऱ्याला एकदा डुलतो. ज्याच्या घरी सातवी प्रत जाईल आणि ज्याच्या घरी आठवी, त्यांनी कधी भेटून दोन्ही लावून पाहाव्यात असं मनापासून वाटतं.

११ ऑक्टोबर

१८ पर्यंत आले. किनार जवळजवळ गेलीय. भुंगा राहिला नाही, कुणीतरी तोंड मिटून धरलेला सूर वाटतो. कागदावरही तेच: पहिल्या छापातले दात टोचतील असे, आताचे राखाडी. छाप आणि मुद्रण शेजारी ठेवून मी एकेका छेदाचं जाणं पाहतेय, ऐकतेय. आधी कोणतं जातं? कान आधी सांगतो. छाप १२ मध्ये मला काही फरक दिसत नव्हता, पण पंचम तेव्हाच ओसरायला लागला होता.

२० ऑक्टोबर

२५.

शेवटच्या छापावर सही करताना काका दारात येऊन उभे राहिले. त्यांना ए.पी. म्हणजे कलाकाराची जास्तीची प्रत दिली. त्यांनी ती उजेडात धरून छेद मोजायला सुरुवात केली.

२२ ऑक्टोबर

एडिशन पूर्ण झाली की प्लेट रद्द करायची, हा आमच्या धंद्यातला नियम. प्लेटवर एक ठळक रेघ मारायची, म्हणजे पुढे कुणी तिच्यावरून आणखी छाप काढले तर ते ओळखू येतात. आजवर अनेक प्लेटा मी अशा रद्द केल्या, दरवेळी चटकन, न बघता.

आज पट्टी धरली. भोकापासून काठापर्यंत ब्युरिन एकदाच, दाबून ओढलं. रेघ तिन्ही खाचा ओलांडून गेली.

पावणेआठपर्यंत थांबले. रेघा थबकल्या. सुई आतल्या खाचेत ठेवली. सा आला, थकलेला, आणि मग टक्. १.८ सेकंदांनी पुन्हा टक्. पंचम लावला, टक्. तार सा, टक्. हाच अल्बमचा शेवटचा तुकडा.

तिन्ही थर एकमेकांवर ठेवले तेव्हा तीन टक् वेगवेगळ्या जागी पडले, कारण मी सुई प्रत्येक वेळी वेगळ्या क्षणी ठेवली होती. सरकवून एका जागी आणता आले असते. आणले नाहीत.

रात्री आत्याकडे नेऊन ऐकवलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग मांडीवर बोटांनी मोजायला लागली: एक, दोन, तीन, आणि रिकामी जागा. पुन्हा एक, दोन, तीन, रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेत ट्रान्सफॉर्मर ऐकू येतो.